खेळायला शहर पाहिजे? वाशीम घ्या

मुलीसाठी स्थळ बघतानाही कोणी घालणार नाही एवढा घोळ माझा भाचा जगात नसलेलं शहर निवडताना घालतो. पोट्टा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, पगार बरा आहे, आणि शनिवारी रात्री चार मित्रमैत्रिणींना जमवून तो टेबलावर एक खेळ मांडतो. त्या खेळाला दर काही महिन्यांनी नवं शहर लागतं. मागे त्याचा फोन आला, "मामा, तुम्ही एवढं वाचता, एखादं शहर सुचवा ना. जुनं पाहिजे, राजकारण पाहिजे, गूढ पाहिजे, आणि आधी कोणी खेळलेलं नको."

मी म्हटलं, "वाशीम."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं रेंज गेली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. यात पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात. एकजण खेळ चालवतो. बाकीचे कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. चालवणारा म्हणतो, "समोर बंद दार आहे." चोर म्हणतो, "मी कुलूप उघडतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर कुलूप उघडतं, लहान आला तर आतून कुणीतरी खाकरतं. झाला खेळ. आमच्या गावात पारावर बसून "मी कलेक्टर असतो तर" अशी सुरुवात करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत, फक्त त्यांच्याकडे फासा नव्हता, त्यामुळे त्यांचं कुठलंच काम कधी फसलं नाही.

आता या खेळासाठी तयार शहरं विकत मिळतात, हे मला भाच्यामुळे कळलं. १९७६ सालीच अशा एका शहराचं पुस्तक आणि नकाशा निघाला होता. आता तर वॉटरडीप आहे, सिजिल आहे, आकाशाला भिडणाऱ्या मनोऱ्यांचं शार्न आहे, भुताखेतांनी वेढलेलं डॉस्कव्हॉल आहे. २००६ साली निघालेल्या टॉलस नावाच्या शहराचं पुस्तक सहाशेहून जास्त पानांचं आहे. आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं गॅझेटिअर काढायला सरकारला जेवढा घाम फुटला नसेल तेवढा एका माणसानं नसलेल्या गटारांचे नकाशे काढायला गाळला. मला त्याचं कौतुकच आहे. भाच्यानं त्यातली दोन-तीन पुस्तकं मला वाचायला पाठवली आणि मी ती सगळी वाचली, कारण उन्हाळा होता आणि दुपारी बाहेर निघायची सोय नव्हती.

वाचून माझं मत असं झालं की या सगळ्या शहरांत एक दोष आहे. तिथं काम फार लवकर होतं. मंडळी धर्मशाळेत शिरतात, मालकाच्या हातावर एक सोन्याचं नाणं ठेवतात, आणि तो लगेच सांगतो की जुन्या बुरुजाखाली तळघर आहे, तिथं सोमवारी रात्री कोणी काळे झगे घालून जमतात. अरे, असं कुठं असतं का? वाशीममध्ये पाटणी चौकातल्या चहावाल्याला तुम्ही नाणं दिलंत तर तो आधी ते नाणं उलटसुलट करून पाहील. मग विचारेल, "कोनाचा होय तू?" तुम्ही बापाचं नाव सांगाल. तो विचारेल, "कोनते, मंगरूळवाले का रिसोडवाले?" आणि तुमचा मामेभाऊ त्याच्या साडभावाच्या शेजारी राहतो हे सिद्ध होईपर्यंत तळघराचा विषयच निघणार नाही. सिद्ध झाल्यावर तो स्वतः दुकान पोराच्या हवाली करून तळघर दाखवायला येईल, तेही फुकट.

या खेळात प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. वाशीमसाठी मी सातवा घालायला सांगितला. ओळख. बाकीचे सहा शून्य असले तरी चालतील.

भाच्याला पटेना. "मामा, ते ठीक आहे, पण शहराला काही इतिहास पाहिजे ना. प्राचीन राजधानी वगैरे."

इथं मात्र मी सरसावून बसलो. बाबू, वाशीम म्हणजे वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या घरात वाटणी झाली, एक शाखा नंदिवर्धनाकडे राहिली आणि पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन यानं वत्सगुल्माला वेगळी चूल मांडली. दोन भावकी, दोन राजधान्या, मधे नांदता विदर्भ. तुमच्या त्या विलायती पुस्तकात सरदारघराण्यांची भांडणं दाखवायला ऐंशी पानं खर्ची पडतात. इथं 'भावकी' एवढा एक शब्द उच्चारला की खेळणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर आपोआप योग्य ते भाव येतात.

याच शाखेतला हरिषेण. त्याच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी झाली. सोळाव्या लेण्यातला लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. त्या लेखात आधीच्या एका राजाबद्दल असं येतं की त्यानं राज्यकारभार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपवला आणि आपण सुखोपभोगात रमला. ही टीका नव्हे, स्तुती आहे. इतका निवांत राजा असणं म्हणजे मंत्री चांगला असणं, असा तो हिशेब. कामसूत्रातसुद्धा वत्सगुल्माच्या दरबारी रीतीचा उल्लेख आहे. तो तपशील मी भाच्याला फोनवर सांगितला नाही, त्या दिवशी ताई पुण्याला गेलेली होती आणि फोन स्पीकरवर होता.

आणि कथानक म्हणाल तर ते दंडीनं लिहून ठेवलेलं आहे. त्याच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका राजाची गोष्ट आहे. बाप कर्तबगार होता, पोरगा हुशार पण राजनीतीचा कंटाळा. म्हातारा मंत्री उपदेश करतो, लाडका खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची टर उडवतो. शेजारचा अश्मक राजा आपली माणसं पेरतो, ती राजाला शिकार, जुगार, दारू यांचे फायदे पटवून देतात (शिकारीनं पचन सुधारतं, वगैरे), आणि पाहता पाहता राज्य बुडतं. लहान राजपुत्र जंगलात पळवून नेला जातो, तिथं त्याला एक परका तरुण भेटतो. इतिहास-संशोधक मिराशींनी या गोष्टीत वाकाटकांच्या अखेरच्या दिवसांची आठवण पाहिली, आणि अजिंठ्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या वॉल्टर स्पिंक यांनी तर आपली कालगणना तिच्यावर टेकवली. आता यात कमी काय आहे? राजपुत्र आहे, हेर आहेत, जंगल आहे, आणि तो परका तरुण म्हणजे सरळसरळ खेळणाऱ्याची जागा रिकामी ठेवलेली आहे.

"जादूची वस्तू?" भाच्यानं विचारलं. यादी त्याच्यासमोर असावी.

ताम्रपट. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. वंशावळ संस्कृतात, बाकी व्यवहार प्राकृतात. म्हणजे आजोबांची नावं शुद्ध भाषेत आणि जमिनीचं बोलणं घरच्या भाषेत, ही पद्धत तेव्हापासूनची. त्यात एक गाव दान दिलंय आणि त्या गावाला काय काय माफ आहे ते कोरलंय. शिपायांनी गावात शिरायचं नाही. फुलं आणि दूध मागायचं नाही. कातडं, कोळसा मागायचा नाही. मुक्कामाला खाटा मागायच्या नाहीत. ज्या गावाकडे असा पत्रा नव्हता त्या गावाचं साहेबांच्या दौऱ्यात काय होत असेल, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या खेळात आगीचा गोळा थोपवणारी ढाल असते. ही ढाल खाट मागायला आलेला अंमलदार थोपवते. जास्त उपयोगाची कोणती ते तुम्हीच ठरवा.

नकाशाबद्दलही त्याची शंका होती. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यानं लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या गावांची यादी दिली, त्यात उज्जैनच्या जोडीला वत्सगुल्म आहे. म्हणजे ग्रीनिचच्या कितीतरी आधी जगाची वेळ आमच्या गावावरून जात होती. गावातल्या मध्यमेश्वराच्या देवळाशी लोक ही रेषा जोडतात. आता उज्जैन आणि वाशीम यांच्या रेखांशात एक अंशाहून जास्त अंतर आहे, म्हणजे सरळ रेषा शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वाकवल्याशिवाय दोन्ही गावांतून जात नाही. पण रेषेनं एवढं वाकून यावं असं गावात काहीतरी असलंच पाहिजे, असा आमचा युक्तिवाद आहे. खेळातल्या नकाशात असा एक वाकडेपणा असला की खेळणारे तीन शनिवार त्याच्यामागे घालवतात.

शिवाय हा जिल्हा एकदा मरून परत उठलेला आहे. इंग्रजांच्या काळात 'बासीम' जिल्हा होता, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. ९३ वर्षं. तुमच्या खेळात मेलेला योद्धा उठवायला पुरोहिताला हिरा लागतो म्हणे. आम्हाला मोर्चे आणि निवेदनं लागली.

हे सगळं वाशीम गावाचं झालं. पण शहर म्हणून खरी श्रीमंती पाहायची तर पोरांना कारंज्याला न्यावं. कारंजा लाड. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, चार दिशांना चार वेशी. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे गुरुवारी गाव माणसांनी भरलेलं. जैन मंदिरांतून शतकानुशतकं जपलेली हस्तलिखितं. आणि पैसा! कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट गावात अजून सांगतात. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला. एवढी कस्तुरी एकरकमी घेणारा कोणी कुठल्या गावात भेटेना. कारंज्याच्या शेठजींचं तेव्हा घराचं बांधकाम चालू होतं. त्यांनी सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चुन्यात मिसळायला सांगितली. गोष्ट खरी किती ते जाऊ द्या, पण पाहुण्यासमोर गावाची इज्जत राखायला एवढा खर्च करणारा माणूस कुठल्याही गावात असतो; कारंज्यात फरक एवढाच की त्याच्याकडे खरोखर पैसे होते.

ते पैसे सर्वांना माहीतही होते. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर लगेच शिवाजी महाराजांची फौज कारंज्यावर आली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे चार हजार बैल आणि गाढवांवर सोनं, चांदी, उंची कापड लादून नेलं, किंमत कोटीच्या घरात. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरले गेले. सुटला तो एकच, आणि तोच सर्वांत मोठा होता. बाईचा वेश करून निसटला.

या शेठजींबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. ऐन धामधुमीत त्यांना मापाचं लुगडं कोणी दिलं? गावातला सर्वांत श्रीमंत माणूस, म्हणजे अंगानं भरलेला असणार. नऊवारी नेसायला येत होती का, की बायकोनं नेसवली? मिशीचं काय केलं? आणि नंतर गावात परत आल्यावर त्यांच्या तोंडावर हा विषय काढायची हिंमत कोणी केली? भाच्याला मी म्हटलं, या एका माणसाला गावाबाहेर काढणं हाच एक पूर्ण शनिवार आहे. चोराला वेश बदलायचा फासा टाकू दे, योद्ध्याला तोंड बंद ठेवायचा टाकू दे, तो जास्त कठीण.

पोहरादेवी, मंगरूळपीरचा दर्गा, रिसोड यांच्याबद्दलही मी सांगितलं, पण घाईत. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या अधांतरी मूर्तीबद्दल ऐकून तो चमकला. मात्र ते देऊळ दोन पंथांच्या वादात १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलूपबंद होतं आणि दार उघडायला थेट सर्वोच्च न्यायालय लागलं. ज्या कुलपाला एवढ्या वरची किल्ली लागते ते आपल्या चोरानं फाशावर उघडायला जाऊ नये, असा सल्ला मी दिला. काही विषयांत खेळ केलेला चालत नाही.

शेवटी ठरलं. शोधायचं काय, तेही मीच सुचवलं: वत्सगुल्माच्या त्या पहिल्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं, कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणल्याचं. आनंदवर्धनासारख्या मोठमोठ्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचा उल्लेख केलाय, त्यातल्या काही ओळी दुसऱ्यांच्या ग्रंथांत उरल्यात, पण पोथी हरवली. ती शोधा. राजशेखरानं आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावून दिलंय; तिनं त्याचा देशभर पाठलाग केला आणि तो शेवटी इथं येऊन हो म्हणाला. तर निदान त्या लग्नघरी एक पोथी सापडायला हरकत नाही. काळ कुठला, तर सगळेच. वाकाटकही आहेत आणि एसटीही आहे. मी व्हिडिओ कॉलवर बसून गावातली सगळी माणसं करायची आणि भाच्यानं फासे सांभाळायचे.

पथक हिंगोली नाक्यानं शिरलं. योद्धा झालेल्या मुलीनं शिरताक्षणी तलवार उपसली. नाक्यावर कोणी हललं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "केवढ्याले पडली?" तिनं किंमत सांगितली. म्हातारा म्हणाला, "फसवलं तुले." यावर काय फासा टाकायचा हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

जादूगारानं चहावाल्याचं मन वाचायचा मंत्र टाकला. वीसपैकी एकोणीस पडले, मन उघडलं. आत पोराच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचं टेन्शन होतं, गॅसचा नंबर कधी लागणार हे होतं, आणि समोरचा हा झगेवाला कोनाचा होय, हा प्रश्न होता. पोथीबद्दल काही नव्हतं. चोर मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याचं कुलूप उघडायला गेला तर समोरच्या ओसरीवरून काकूनं हाक मारली, "कोन पाहिजे बाप्पा? ते लग्नाले गेले, उद्या येतीन. बसा ना, पानी घ्या." चोर बसला. पाणी झालं, चहा झाला, आलूबोंडा झाला. आलूबोंड्यानं जखमा भरतात असा नियम आम्ही तिथल्या तिथं केला. तासाभरानं तो उठला तेव्हा त्याच्याकडे काकूच्या पुतण्याचा मोबाइल नंबर आणि दोन मुलींचे बायोडेटा होते. एवढी लूट त्याला कुठल्याच शहरात मिळाली नव्हती.

पुतण्याकडून कळलं की पोथी असलीच तर कारंज्याला असेल. पथकाला शकुंतलेनं जायचं होतं. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी. देश स्वतंत्र झाला तरी रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि आपली रेल्वे भाडं भरून त्यावर गाडी चालवत राहिली. पोरांना ही कल्पना इतकी आवडली की ती मूर्तिजापूरला जाऊन फलाटावर बसली. गाडी कित्येक वर्षांपासून बंद आहे हे मी सांगितलं नाही. त्यांनी फलाटावरच्या माणसाला विचारलं. तो मीच होतो. मी म्हटलं, "येईन ना." त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आता येईनच." पाऊण तास खेळ तसाच चालला. कोणाला कंटाळा आला नाही. पुरोहित झालेल्या मुलानं फलाटावर एक आख्यान लावलं आणि योद्ध्यानं शेंगा विकत घेतल्या.

पुढच्या शनिवारचं भाच्याकडून कळलं, मी गावाला होतो. पथक कसंबसं कारंज्याला पोचलं. पोथी पाहायची तर आधी पत्र आणा, असं कोणी म्हणालं; पत्र देणारे सोमवारी येणार होते. मधला रविवार काढायचा म्हणून मंडळी बाजारात फिरली. जादूगार मुळात डेटा ॲनालिस्ट आहे. त्यानं सोयाबीनचे भाव पाहिले, कागदावर काही आकडे मांडले आणि म्हणाला, हे दोन महिन्यांत वर जाणार. पथकानं तीन मोहिमांत राक्षस मारून जमवलेलं सगळं सोनं मोडलं, दोनशे पोती सोयाबीन घेतलं आणि दारव्हा वेशीजवळ एक गोडाऊन भाड्यानं घेतलं.

सोमवार आला, गेला. पत्र देणारे आले होते म्हणे. कोणी गेलं नाही. योद्धा गोडाऊनच्या दाराशी तलवार घेऊन बसते, चोर वजनकाट्यावर लक्ष ठेवतो, पुरोहित ओलाव्याविरुद्ध मंत्र म्हणतो. भाच्यानं खेळ पुढे न्यावा म्हणून एक अजगर सोडला, तर त्यांनी त्याला उंदरांसाठी ठेवून घेतलं. काल रात्री त्याचा फोन आला होता, आवाज रडवेला. "मामा, सगळे म्हणतात भाव वाढल्याशिवाय हलायचं नाही. तुम्ही खरं सांगा, वाढेल का?"

मी म्हटलं, "बाबू, फासा किती बाजूंचा आहे म्हणालास?"